ओव्हाळांनी घेतलेला प्रिंटर

भीमराज ओव्हाळांबरोबर चहा पिणं म्हणजे चहाची तपासणी बघणं. कप हातात आला की ते आधी तो उजेडाकडे धरतात, कडेवरून अंगठा फिरवतात, बशीत किती सांडलाय ते बघतात आणि मग "ठीक आहे" म्हणून पहिला घोट घेतात. हे "ठीक आहे" सहजासहजी मिळत नाही. आमच्या कासारवाडीच्या गल्लीत कुणी नवी फरशी बसवली, गाडीला रंग मारला किंवा मुलाची लग्नपत्रिका छापून आणली, तर घरचे आधी ओव्हाळांना दाखवतात. एका पत्रिकेत त्यांनी नवरदेवाच्या आत्याचं नाव राहिल्याचं दाखवून दिलं होतं. ते लग्न नीट पार पडलं ते त्यामुळे, असं आत्या अजून सांगतात.

याला लोक स्वभाव म्हणतात, पण ती त्यांची नोकरी होती. भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये उमेदीची सगळी वर्षं ते इन्स्पेक्शनला होते. मशीनमधून पत्र्याचा तुकडा यायचा, ओव्हाळ तो मापाच्या साच्यात घालायचे. बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही बसला तर लाल पेटीत. दिवसभर हेच. असं काम इतकी वर्षं केलं की माणसाला जगात दोनच जागा दिसायला लागतात. लाल पेटीतल्या मालाचे फोटो काढून रिपोर्टला जोडायचं कामही हळूहळू त्यांच्याकडे आलं. चीर कुठून कुठे गेलीय, कड कुठे खडबडीत राहिलीय, हे फोटोत स्पष्ट दिसायला हवं, नाहीतर साहेब मान्य करत नसत. पुढे कंपनीने मशीनं उचलून दुसऱ्या राज्यात नेली, तेव्हा ओव्हाळांनी व्हीआरएस घेतली आणि स्टेशनजवळ ‘रत्नदीप फोटो’ हे दुकान टाकलं. बायकोने विचारलं, तुम्हाला माणसांचे फोटो कुठे काढता येतात? ते म्हणाले, दोषाचा काढता येतो, त्यामानाने माणसाचा सोपा.

सुरुवातीला गिऱ्हाइकं जरा बिचकायची. पासपोर्ट फोटोला बसलेल्या माणसाला "हनुवटी दोन मिलिमीटर खाली" असं सांगितलं की तो सगळाच खाली जायचा. पण फोटो चांगले यायचे. जसा माणूस तसा फोटो. "जरा उजळ करा" असं कुणी म्हटलं तर ओव्हाळ ट्यूबलाइट लावायचे आणि म्हणायचे, केला उजळ. चेहऱ्याला हात लावायचे नाहीत.

दुकानाने खरा जीव धरला तो मात्र निरोपाच्या फोटोंवर. आपल्याकडच्या कंपन्यांत परमनंट माणूस रिटायर होतो, तेव्हा महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याचा सोहळा असतो, हे इथल्या लोकांना सांगायला नको. फेटा, शाल, नारळ. बायकोला कंपनीत बोलावतात, नवरा ज्या मशीनवर उभा राहिला ते मशीन दाखवतात. चहाच्या सुट्टीत सगळं डिपार्टमेंट एकत्र उभं राहून फोटो काढतं आणि शिफ्ट सुटताना गेटवर तोच फोटो, मोठा, फ्रेम करून, त्या माणसाच्या हातात देतात. मग सजवलेल्या जीपमधून माणूस घरी. फ्रेमचे पैसे डिपार्टमेंटच्या वर्गणीतून. यातली खरी मेख म्हणजे सकाळी काढलेला फोटो त्याच दिवशी भिंतीवर लावण्याजोगा होऊन परत यायला हवा. लॅबवाले म्हणतात परवा या. ओव्हाळ मात्र सकाळी गेटवर, दुपारी दुकानात आणि शिफ्ट सुटायच्या आत पुन्हा गेटवर. यासाठी त्यांनी एक मोठा फोटो प्रिंटर घेऊन ठेवला होता आणि भोसरीपासून चाकणपर्यंत किती भिंतींवर त्याची कामगिरी टांगलेली आहे ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसेल.

तो प्रिंटर गेला ज्योतीराम येळवंड्यांच्या निरोपाच्या दिवशी.

ज्योतीराम चाकणजवळच्या गावातले. जमीन कंपन्यांत गेली, त्यातल्याच एका कंपनीत ज्योतीरामांना नोकरी लागली आणि तिथूनच ते रिटायर झाले. सकाळी सगळं झकास झालं. त्यांच्या पत्नी पुतळाबाई मशीन बघायला आल्या. या मशीनची दुखणी, मशीनचे रुसवे, मशीनमुळे बुडालेल्या जत्रा हे सगळं त्यांनी संसारभर ऐकलेलं. मशीनसमोर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "येवढंसंच हाय व्हय?" सुपरवायझरसुद्धा हसले. ओव्हाळांनी फोटो काढला आणि मोटारसायकलला टांग मारली.

दुकानात आल्यावर प्रिंटरने जो फोटो दिला त्यात सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून पांढऱ्या आडव्या रेघा गेल्या होत्या. अख्खं डिपार्टमेंट जणू गजाआड. शाई बाहेर सोडणारी बारीक छिद्रं बुजली की असं होतं. प्रिंटर महिन्यातून एकदाच चालवला की ती बुजतातच. मग ती साफ करायचं बटण दाबायचं. यंत्र स्वतःच्या अंगातली शाई स्वतःच्या पोटात ओतून छिद्रं धुतं. ओव्हाळांनी बटण दाबलं, रेघा कमी झाल्या नाहीत, पुन्हा दाबलं. शेवटी रेघा तशाच राहिल्या आणि शाई संपली. शिफ्ट सुटायच्या वेळेला ते रिकाम्या हाताने गेटवर गेले. ज्योतीराम फेटा बांधून जीपमध्ये बसलेले. ओव्हाळांनी काय झालं ते सांगितलं, तर ज्योतीरामच त्यांची समजूत घालायला लागले.

"आसू द्या, ओव्हाळभाऊ. मी कुठं पळून चाललोय? आता घरीच हाय की."

जीप गेली. त्या संध्याकाळी दुकानात ओव्हाळ चहा न तपासता प्यायले, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

मेकॅनिकने प्रिंटर उघडला, बंद केला आणि नवीन घ्या म्हणाला. कोणता घ्यायचा हे ओव्हाळांच्या मनात पक्कं होतं. तसाच मोठा, आठ रंगांच्या आठ डब्यांचा, भिंतीवर पिढीभर टिकणाऱ्या शाईचा. पण घरात भाग्यश्री आहे. भाग्यश्री ही त्यांची मुलगी, चाकणच्या एका कंपनीत परचेसला. तीन कोटेशनं आल्याशिवाय ती टाचणीसुद्धा घेत नाही. आईने मोठ्या उत्साहाने एका मुलाचं स्थळ दाखवलं तर तिने शांतपणे विचारलं होतं, "बाकीचे दोन कुठायत?"

तर भाग्यश्रीने तिसऱ्या दिवशी जेवणानंतर बापाला समोर बसवलं. मीही होतो, मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं की दबाव म्हणून, ते दोघांनी आपापल्या सोयीने ठरवलं असावं. तिने समजावलं ते असं. प्रिंटरची किंमत बघून प्रिंटर घ्यायचा नसतो, कारण प्रिंटर कंपनी पैसे प्रिंटरमध्ये मिळवतच नाही, शाईत मिळवते. घोडा स्वस्तात देतात, पण चारा त्यांच्याच दुकानातला, आणि तो अत्तराच्या भावाने. डब्यावर लिहिलंय इतक्या पानांना पुरेल, पण ते पान म्हणजे चार ओळींचं पत्र. फोटोचं पान कडेपासून कडेपर्यंत शाई पितं. त्यात एक रंग संपला तरी बाकी सात नुसते बघत बसतात. शिवाय महिन्याकाठी एकदा चालवायचा म्हणजे निम्मी शाई छिद्रं धुण्यात. तिच्या हिशेबाने एका मोठ्या फोटोच्या शाईत दोघांची मिसळ, वर ताक, असं सगळं होत होतं.

"त्यापेक्षा टाकीवाला घ्या," ती म्हणाली. "सहा रंगांचा. बाटलीने शाई ओतायची. रोज चालेल, छिद्रं बुजणार नाहीत. पोरांचे प्रोजेक्ट, आधारच्या प्रिंटा, पासपोर्ट, छोटे फोटो, सगळं निघेल."

"आणि निरोपाचा फोटो?"

"टाकीवाल्यातून वहीच्या पानाएवढा निघेल."

ओव्हाळ माझ्याकडे वळले. "बघा राव. आयुष्य घातलं माणसानं कंपनीत, आणि हातात द्यायचं वहीचं पान."

त्यांचं म्हणणं निव्वळ आकाराचं नव्हतं. डिपार्टमेंटच्या फोटोत माणसं दाटीने उभी असतात, एकेक चेहरा नखाएवढा. त्यात कुणी भट्टीजवळ काम करून तांब्यासारखा झालेला, कुणी सावळा, कुणी काळाभोर, कुणी पेंट शॉपच्या बंद खोलीत राहून फिका पडलेला. स्वस्त शाईत हे सगळे एका मातीचे होतात. ओव्हाळांचे वडील फाउंड्रीत होते. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने त्यांना असं काही गोरं करून ठेवलं होतं की ओव्हाळांच्या आई सरूबाई तो फोटो पाहुण्यांना दाखवताना, "हे आमचे मालक, पण पीठ लावलेले," असं सांगायच्या. त्या घरात वाढलेल्या माणसाला रंगाची किंमत मिसळीत मोजता येत नाही. हे मी भाग्यश्रीला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, काका, मला ठाऊक आहे, मी त्यांचीच मुलगी आहे, फक्त मी शाईपण मोजते.

मग तिने शेवटचा प्रश्न काढला, आणि तो हिशेबातला नव्हता.

"पप्पा, अजून किती माणसं रिटायर व्हायची राहिलीत?"

ओव्हाळ म्हणाले, कंपन्या एवढ्या आहेत, माणसं होतातच की रिटायर.

"परमनंट होतात. आमच्या कंपनीत आता नवीन परमनंट घेतच नाहीत. जुने संपले की संपले. सगळी ठेकेदाराची पोरं. कंत्राटी माणूस रिटायर होत नाही, पप्पा. तो फक्त उद्यापासून येत नाही."

तिने हे वाक्य आमच्यासाठी जुळवून आणलेलं नव्हतं. रोज गेटवर जे बघते तेच तिने सांगितलं होतं. पण त्यात तिच्या बापाच्या दुकानाचं भविष्य आलं होतं, आणि तिलाही ते जाणवलं असणार, कारण ती उठून भांडी घासायला गेली. एरवी तो प्रकार तिच्याकडून होत नाही.

ओव्हाळांनी मधला मार्ग काढला तो इन्स्पेक्शनचा. दोन्ही प्रिंटरवर एकच फोटो छापून घ्यायचा आणि ज्याच्यासाठी माल तयार होतो त्याला दाखवायचा. पार्टी म्हणेल तो खरा. भाग्यश्रीला हे पटलं. दोघांनाही खात्री होती की पार्टी आपल्यासारखंच म्हणेल.

चिंचवडच्या शोरूममध्ये आम्ही गेलो तो शनिवार होता. समर्थ नावाचा हसतमुख विक्रेता होता. शोरूममधल्या नमुन्याच्या फोटोंत एक पोपट, बर्फाचा डोंगर आणि परदेशी बाळ होतं. तिघंही सुंदर. ओव्हाळ म्हणाले, आमच्याकडे यातलं कुणी रिटायर होत नाही, आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला. समर्थने ज्योतीरामांच्या डिपार्टमेंटचा फोटो दोन्हींवर, एकाच आकारात छापून दिला. तुम्ही हवं तर बाजारात मिळणारी स्वस्त शाई भरा, असा एक प्रेमळ सल्लाही त्याने हळू आवाजात दिला, त्यावर ओव्हाळांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की पोराने लगेच पाणी मागवलं.

खिशातलं भिंग काढून ओव्हाळ दोन्ही फोटो चेहऱ्यामागून चेहरा बघत गेले. मलाही दाखवलं. खरं सांगायचं तर फरक होता. डब्यांच्या प्रिंटरमध्ये काळ्यासावळ्या चेहऱ्यांतही नाक, गाल, डोळ्यांखालची जागा वेगवेगळी दिसत होती. टाकीवाल्यात ते सगळं होतं, पण जरा दमून आल्यासारखं. भिंगाशिवाय बघितलं तर मला दोन्ही सारखेच वाटले. हे मी बोललो नाही. मैत्री टिकवायची असते.

रविवारी आम्ही तिघं भाग्यश्रीच्या ओळखीच्या गाडीने ज्योतीरामांच्या गावी गेलो. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. घराच्या मागे जिथे गोठा होता तिथे आता भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, प्रत्येक दारासमोर कंपनीचे बूट वाळत ठेवलेले. ज्योतीराम लेंगा-बनियनवर दारात बसले होते. रिटायर झालेला माणूस पहिल्या महिन्यात जसा दिसतो तसे, म्हणजे सुट्टीच्या दिवशी चुकून लवकर उठल्यासारखे. बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर त्यांनी फ्रेमसाठी खिळा आधीच ठोकून ठेवला होता. ओव्हाळांनी तो बघितला आणि मान खाली घातली.

पुतळाबाईंनी चहा केला. ओव्हाळांनी दोन्ही फोटो, कोणता कुठला ते न सांगता, त्यांच्यासमोर मांडले आणि विचारलं, वहिनी, कोणता बरा? पुतळाबाईंनी दोन्ही फोटो दूर धरून बघितले आणि टाकीवाल्यावर बोट ठेवलं. का, तर ह्यात हे जरा ताजे दिसत्यात. भाग्यश्रीने बापाकडे बघायचं टाळलं. ओव्हाळांनी भिंग पुढे केलं. पुतळाबाईंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "आता ह्यांना भिंगातनं कोण बघणार हाय?"

ज्योतीरामांचं मात्र वेगळंच चाललं होतं. ते फोटोवरून बोट फिरवत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, परत मागच्या रांगेतून. मग दुसरा फोटो घेतला आणि त्यातही तसंच केलं.

"काय झालं, तात्या? रंग बरोबर नाही का?" ओव्हाळांनी विचारलं.

"रंगाचं न्हाई वो. ह्यात भैरू कुठं हाय?"

भैरू कोण ते ओव्हाळांना माहीत नव्हतं. ज्योतीरामांनी सांगितलं. भैरू परभणीकडचा, मागच्याच रांगेतल्या खोलीत राहतो. ज्योतीरामांच्या मशीनवर त्यांच्या शेजारी उभा असायचा, कैक वर्षं. ठेकेदार बदलायचे, भैरूच्या गळ्यातलं कार्ड बदलायचं, भैरू तोच. ज्योतीरामांचे गुडघे धरायला लागले तेव्हा उचलायचं काम सगळं त्याने स्वतःकडे घेतलं आणि सुपरवायझरला कळू दिलं नाही. ज्योतीराम घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसे बोलत होते. त्यांना वाटलं होतं फोटोत तो असणारच, कुठेतरी मागे राहिला असेल.

पुतळाबाईंनी हाक मारली. भैरू रात्रपाळी करून झोपला होता, तो चेहरा धुऊन आला. तिशी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस. ज्योतीरामांनी विचारलं, तू फोटोला का न्हाई आलास रं?

भैरू हसला. "आलतो की, तात्या. त्या फोटोवाल्या सायबांनी सांगितलं, राखाडी शर्टवाले जरा बाजूला सरका. मग आम्ही लाइनवर गेलो. लाइन चालू ठेवायला कुणीतरी लागतंच की."

त्याने ओव्हाळांना ओळखलं नव्हतं. फोटो काढताना त्यांचा चेहरा कॅमेऱ्यामागे होता.

ओव्हाळ खुर्चीत ताठ बसले. परमनंट निळ्या शर्टात आणि ठेकेदाराची माणसं राखाडी शर्टात, हा त्या कंपनीचा नियम. फोटोत सगळ्या निळ्या रांगेत मध्येच राखाडी शर्ट त्यांच्या डोळ्याला खुपले. कंपनीतल्या कुणी सांगितलं नव्हतं. ज्याचं माप बसत नाही तो तुकडा बाजूला काढायचा, इतकी वर्षं हात तेच करत आले होते, त्या दिवशीही हातांनी तेच केलं. आणि त्याच फोटोत कोणत्या चेहऱ्याचा सावळेपणा बरोबर उतरतो यावरून ते आठवडाभर मुलीशी भांडत होते.

"तो फोटोवाला मी," ओव्हाळ म्हणाले. "चुकलं माझं."

भैरू इतका अवघडला की तोच माफी मागायला लागला. मोठ्या माणसाने चूक कबूल केलेली बघायची सवय आपल्याकडे लहान माणसाला नसते. काय करावं त्याला कळत नाही. पुतळाबाईंनी त्याच्या हातात चहा दिला, त्यामुळे हातांची सोय झाली.

पुन्हा फोटो काढायचा हे ज्योतीरामांनीच ठरवलं. कंपनीत परत कॅमेरा नेऊ देणार नाहीत, म्हणून गेटबाहेरच्या चहाच्या टपरीजवळ, पहिली शिफ्ट सुटल्यावर. ओव्हाळांनी भैरूला सांगितलं, सगळ्यांना घेऊन ये, फोटो तात्यांसाठी मोठा करतो, भिंतीवर लावायला. भैरूने जरा थांबून विचारलं, आम्हाला पण एकेक मिळेल का? छोटा.

भाग्यश्री म्हणाली, तुमच्या मोबाइलवर पाठवते ना, फुकट.

"मोबाइलमधला नको, ताई. कागदावर पाहिजे." भैरू आता नीट बोलायला लागला. "आम्हाला कंपनी सर्टिफिकेट देत नाही. ठेकेदार तर ठेका संपला की फोनच उचलत नाही. नवीन ठिकाणी गेलं की विचारतात, कुठं काम केलंय, काय येतं? मोबाइलमधला फोटो दाखवला तर म्हणतात, कुठला पण आसंल. कागदावरचा असला, मागं सुपरवायझरनं सही केली, तात्यांनी केली, तर मान्य करायलेत लोक. मागं एकानं तसं केलं, त्याला थेट मशीनवर घेतलं."

"मग मोठाच करून घ्या की एकेक," ज्योतीराम म्हणाले. "भिंतीवर लावाल."

भैरूने पुतळाबाईंकडे बघितलं. पुतळाबाईंनीच सांगून टाकलं की खोल्यांच्या भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई आसा आपलाच नियम हाय. ज्योतीराम टीव्हीच्या वरच्या आपल्या खिळ्याकडे बघत राहिले. पुढे तो नियम त्यांनी बदलला की नाही मला माहीत नाही. मी घरमालकांच्या फार वाटेला जात नाही.

भैरूने एकच गोष्ट विचारायची ठेवली होती, ती जाता जाता विचारली. एक फोटो केवढ्याला पडेल? वर्गणी नसणार होती. ज्याचा त्याचा पैसा.

परतीच्या वाटेवर गाडीत ओव्हाळ पुढे बसले होते. मोशीच्या सिग्नलला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा ते मागे न वळता म्हणाले, "भाग्यश्री, टाकीवाल्याचा छोटा फोटो केवढ्याला पडतो? शाई, कागद, सगळं धरून."

तिने सांगितलं.

"आणि डब्यांच्या मोठ्याचा?"

तिने तेही सांगितलं. इतके दिवस ती हेच आकडे सांगत होती, पण तेव्हा ते ओव्हाळांच्या खिशातून जाणार होते आणि स्वतःच्या खिशातून काय जातं याची त्यांना फारशी पर्वा नव्हती. आता ते भैरूच्या खिशातून जाणार होते. सिग्नल सुटला. दुसऱ्या दिवशी दुकानात टाकीवाला आला. भाग्यश्रीने तीन कोटेशनं मागवली होतीच.

टपरीजवळच्या फोटोला मी गेलो होतो. मध्ये ज्योतीराम, स्वच्छ पांढऱ्या शर्टात. त्यांचे निळे शर्टवाले सोबती पाच-सहाच आले, बाकीच्यांना गाडी पकडायची होती. राखाडी शर्ट मात्र इतके की टपरीवाल्याला बाकडं हलवावं लागलं. ओव्हाळांनी कुणालाही बाजूला सरकायला सांगितलं नाही. त्यांना ते सोपं गेलं नाही. दोन-तीनदा त्यांचा हात वर आला आणि खाली गेला.

पहिली प्रिंट निघाली तेव्हा आम्ही दुकानात होतो. ओव्हाळांनी ती दारात नेऊन उजेडात धरली, भिंग लावलं. चेहरे बरे आले होते. पण राखाडी शर्टांमध्ये निळसर झाक आली होती. स्वस्त यंत्राला शुद्ध राखाडी जमत नाही, सगळे रंग मिसळून ते राखाडी करतं आणि कुठलातरी एक रंग पुढे सरकतो. निळे आणि राखाडी शर्ट जवळजवळ एका कापडाचे दिसत होते. भाग्यश्री म्हणाली, कॉम्प्युटरवर दुरुस्त होईल, दोन-तीन प्रिंटा वाया जातील, एवढंच. ओव्हाळ बराच वेळ बघत होते.

"राहू दे," ते म्हणाले. "कंपनीत असा माल आला, थोडा चुकलेला पण कामाला चालणारा, तर साहेब सही करून सोडायचे. मी कधी केली नाही सही. आज करतो."

ज्योतीरामांची फ्रेम वहीच्या पानापेक्षा थोडी मोठी झाली, आणि त्यांच्या खिळ्याला ती पेलली. छोटे फोटो घेऊन ओव्हाळ दुपारी गेटवर गेले. भैरूने एकेकाला वाटले, मागे सुपरवायझरची सही घेतली. सुपरवायझरने इकडेतिकडे बघून केली. ज्योतीरामांनी प्रत्येकाच्या फोटोमागे मशीनचं नावसुद्धा लिहिलं, आपल्या अक्षरात, आणि ते काम त्यांनी इतकं मन लावून केलं की रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच ते कामावर असल्यासारखे वाटले. भैरूने आपला फोटो प्लास्टिकच्या पाकिटात आधार कार्डाशेजारी ठेवला. मग तो ओव्हाळांकडे आला. आणखी सहा कॉप्या पाहिजेत म्हणाला.

"कुणासाठी?"

"दुसऱ्या शिफ्टची पोरं. त्या दिवशी ती आतमध्ये होती."

"पण ती फोटोत नाहीत ना भैरू. फोटोत नसलेल्या माणसाला तो फोटो देऊन सही घ्यायची? ते चालणार नाही मला."

भैरूला ते समजलं. ओव्हाळांनी विचारलं, पुढच्या महिन्यात कुणी रिटायर होतंय का? भैरूने आठवून बघितलं. कुणीच नव्हतं. त्याच्या पुढच्याही महिन्यात नव्हतं.

"मग कुणाची वाट बघायची?" ओव्हाळ म्हणाले. "मंगळवारी येतो. दुसरी शिफ्ट आत जायच्या आधी सगळ्यांना इथंच उभं कर."